स्तूपाच्या मागे काय असतं?

वैशाखात अमरावतीत शहाणा माणूस दुपारी तोंड उघडत नाही. एकतर तोंडात धूळ जाते, आणि दुसरं म्हणजे तोंडातून निघालेला शब्द कोणीतरी धरून ठेवतो. कमलाकांत पांढरीपांडे मास्तरांना यातलं पहिलं ठाऊक होतं. दुसरं त्यांना १९५६ सालच्या मे महिन्यात कळलं.

मास्तर अंबागेटाच्या आत राहत आणि शाळेत इतिहास शिकवत. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं आणि तिच्याआड जून उजाडेपर्यंत पडून राहायचं, इतका साधा त्यांचा बेत होता. पण नागपूरहून परिपत्रक आलं. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं होत आहेत, तरी यंदाची बुद्ध जयंती सगळीकडे थाटाने साजरी व्हावी. अडीच हजार वर्षांचं काम पंधरा दिवसांत उरकायचं होतं, म्हणून तातडीने कमिटी नेमली गेली. कमिटीत सुट्टीवर असलेले सगळे मास्तर आपोआप आले.

पहिली बैठक रविकांत वकिलांच्या ओसरीवर भरली. वकील मास्तरांचे शेजारी आणि कमिटीचे अध्यक्ष. गावात काहीही निघालं, मग ती व्यायामशाळा असो की शोकसभा, अध्यक्ष तेच. कोणी म्हणालं मिरवणूक काढू. कोणी म्हणालं व्याख्यानं ठेवू. व्याख्यानाला सात वक्ते जागच्या जागी तयार झाले, श्रोते कोण ते मात्र ठरेना. मास्तरांचा डोळा लागत होता. वकिलांनी एकदम विचारलं, "मास्तर, तुम्ही इतिहासवाले. तुम्ही काय म्हणता?"

झोपेतून दचकलेल्या माणसाला सातवीच्या पुस्तकातलं जे पहिलं आठवेल ते आठवलं. "स्तूप," मास्तर म्हणाले.

वकील सावरून बसले.

"स्तूप उभारावा, असं?" वकील म्हणाले. "वा! याला म्हणतात कल्पना. मग मास्तर, तुम्हीच उभारा."

ठराव एकमताने पास झाला. विरोधी मत देण्याचा अधिकार फक्त मास्तरांना होता आणि ते अजून पुरते जागे झाले नव्हते.

घरी येऊन त्यांनी पुस्तक काढलं. पान एकेचाळीस. सांचीच्या स्तूपाचं चित्र, आगपेटीएवढं, शाई फुटलेलं. खाली वाक्य : 'स्तूप हे बौद्ध शिल्पकलेचे उत्कृष्ट उदाहरण होय.' हे वाक्य मास्तर अकरा वर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

"उत्कृष्ट म्हणजे केवढा?" त्यांच्या पत्नीने, चारुशीलाबाईंनी विचारलं. "कशाचा असतो? आत जाता येतं का?"

"तुला प्रश्न फार पडतात."

"मले पडून राहिले, पण उत्तर तर तुम्हालाच द्यावं लागणार ना?"

शेजाऱ्यांना मात्र एकही प्रश्न नव्हता, सगळ्यांकडे उत्तरंच होती. समोरचे, जिनिंगमधले हेडक्लार्क म्हणाले, कापसाच्या गठाणी रचा आणि वरून चुना मारा, पाऊस येईपर्यंत हलत नाही. पलीकडच्या उद्धवशास्त्र्यांनी, जे गावची निम्मी लग्नं आणि जवळजवळ सगळी श्राद्धं चालवत, चित्र डोळ्यांजवळ नेऊन सांगितलं की हा शिवलिंगाचाच प्रकार आहे, शाळुंका जमिनीत असल्यामुळे दिसत नाही एवढंच. रस्त्यावरचा आंबेवाला म्हणाला, माझं मोठं टोपलं पालथं घाला.

शेवटी चारुशीलाबाईच म्हणाल्या, "माझ्या माहेरी अचलपूरला अब्दुल सत्तार आहेत. मोहरमचे ताबूत बनवतात. कामट्यांची आणि पतंगी कागदाची अख्खी मशीद उभी करतो तो माणूस. त्याला हे पालथं टोपलं नाही जमणार?"

मास्तरांना हे पटलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्तूप म्हणजे काय हे दुसऱ्याच कोणाला तरी समजून घ्यावं लागेल, या विचाराने त्यांना हलकं वाटलं. तो त्यांचा गैरसमज होता.

मास्तर पुस्तक घेऊन अचलपूरला पोचले तेव्हा ईद होऊन तीन दिवस झाले होते. अब्दुल सत्तार अंगणात कडुनिंबाखाली बांबूच्या कामट्या काढत बसले होते. साठीचा किरकोळ माणूस, पण सुरी चालवताना बोटांकडे बघायचा नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"ये क्या हय मास्टर?"

"स्तूप."

दाराच्या पडद्याआडून त्यांच्या बायकोने, खुर्शीदबींनी विचारलं, "अंदर कौन हय?"

असा नेमका प्रश्न मास्तरांना कोणी विचारला नव्हता. "अस्थी असतात," ते म्हणाले. "बुद्धांच्या. त्यांच्या शिष्यांच्या."

"तो दरगा बोलो ना!" खुर्शीदबींचा जीव भांड्यात पडला. "इतना घुमा के काय कू बोलते?" आणि त्यांनी उरलेल्या शीरखुर्म्याची वाटी बाहेर पाठवली.

सत्तारमियाँनी पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. पुन्हा उलटलं. "पीछे क्या हय?"

"मागे स्वाध्याय आहे. पाच प्रश्न."

"किताब के पीछे नहीं. इसके पीछे. फोटू तो सामनेसे निकाला. पीछे दरवाजा हय, दिवाल हय, क्या हय?"

"मागेही असंच असणार," मास्तर म्हणाले.

"तुमने देखा?"

मास्तरांनी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. "पाहिल्यासारखाच आहे," ते म्हणाले. पडद्याआडून कोणीतरी हसलं.

सत्तारमियाँनी सुरी खाली ठेवली. "मास्टर, ताबूत खांद्यावर निघते. चारों तरफ से लोगां देखते. पीछे कोरा रखा, तो मेरे वालिद कबर में करवट लेंगे. मैं घुमट बांधना शुरू करता. तुम पूछ के आव."

मास्तर अमरावतीला परतले ते हा प्रश्न घेऊन. गंमत अशी की मोटारीत बसेपर्यंत तो सत्तारमियाँचा प्रश्न होता, आणि वलगाव येईतो तो त्यांचा स्वतःचा झाला. खरंच, मागे काय असेल? अकरा वर्षं आपण एका गोष्टीचं तोंड तेवढं दाखवत आलो. कुतूहल ही खाजेसारखी गोष्ट आहे, लहानपणी येऊन गेलेली बरी. चाळिशीत आली की माणसाचं हसं होतं.

वकील म्हणाले, "मागे काही नसतं. असतं तर फोटो मागून काढला असता." हा युक्तिवाद कोर्टात टिकला असता. शास्त्रीबुवा म्हणाले, मागे गोमुख. मास्तर वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालांनी यादीत बोट फिरवून सांगितलं, की सांचीवर एकच पुस्तक आहे आणि ते बाहेर आहे.

"कोणाकडे?"

"डोमाजी खंडारे. नाल्यापलीकडची वस्ती. चौथ्यांदा नेलंय हो. त्यांच्याशिवाय ते पुस्तक आजवर कोणी मागितलंच नाही. तुम्ही दुसरे."

नाल्यापलीकडची वस्ती मास्तरांच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर होती. तिथली तीन-चार मुलं त्यांच्या वर्गात बसत. पण अकरा वर्षांत मास्तरांची सायकल नाला ओलांडून कधी गेली नव्हती. का गेली नाही, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

डोमाजी बडनेऱ्याच्या स्टेशनात पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे, नुकतेच रिटायर झालेले. घर लहान, सारवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फळीवर पुस्तकं. मास्तर घामाने निथळत दारात उभे राहिले.

"या मास्तर, या. एवढ्या उन्हाचे काहून निंगाले? आशे, पानी आन."

त्यांच्या पत्नी आशाबाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मास्तरांनी हात पुढे केला, आणि तो हात मध्येच थबकला. क्षणभरच. बुद्धीला काही म्हणायचं नव्हतं. बुद्धीने गांधीजयंतीला यावर भाषणंही दिली होती. थबकला तो हात. पॉइंट्समन सिग्नलकडे बघतो तसे डोमाजी त्या हाताकडे शांतपणे बघत होते. मास्तरांच्या कानशिलांना ऊन लागलं. त्यांनी तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला. वाळ्याचं पाणी होतं, गार.

"आनखी आनू?" आशाबाईंनी विचारलं.

"आणा," मास्तर म्हणाले, आणि दुसऱ्या तांब्याच्या वेळी हाताने काही कुरकुर केली नाही.

मग त्यांनी विचारलं. डोमाजींचा चेहरा एकदम उजळला, जणू हा प्रश्न घेऊन कोणी यावं म्हणून ते वर्षानुवर्षं दार उघडं ठेवून बसले होते.

"म्या सोता जाऊन आलो ना सांचीले! बावन साली. सारिपुत्त अन् मोग्गल्लान, हे बुद्धाचे दोन मोठे शिष्य. त्याह्यच्या अस्थी इंग्रजायनं विलायतेले नेल्या होत्या. त्या वापस आल्या, तवा गेलो. रेल्वेचा पास होता. काय पब्लिक सांगू तुमाले!"

"आणि मागे? मागे काय आहे?"

डोमाजी हसले. "मास्तर, स्तूपाले मांगं नसतेच. जितून पाहान तितून ते समोरच रायते. चारी अंगाले चार तोरनं, मंजे मोठाल्या कमानी. दक्षिनेकून जिना. अन् भवताल फिराले वाट. उजव्या हाताले स्तूप ठिवाचा अन् फिराचं."

त्यांनी जुन्या टाइमटेबलाच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने नकाशा काढला. रुळांचे सांधे जुळवलेला हात, रेघ वाकडी गेली नाही. वर तीन छत्र्या, भोवती कठडा, पूर्वेच्या तोरणावर हत्ती. मास्तर दीड तास विचारत राहिले आणि डोमाजी सांगत राहिले. मास्तरांना आठवेना, की आपण शेवटचं असं कोणापुढे मांडी घालून कधी बसलो होतो.

निघताना डोमाजी म्हणाले, "एक इचारू मास्तर? आमी इथं चार-पाच सालापासून बुद्ध जयंती करतो. यंदा गावची बी कमिटी झाली म्हनतात. त्या कमिटीत आमच्या वस्तीतलं कोन हाये?"

मास्तरांनी मनातल्या मनात चौदा नावं म्हटली. पुन्हा एकदा म्हटली. "मी विचारतो," ते म्हणाले.

"इचारा," डोमाजी म्हणाले. गाडी चार तास लेट आहे असं सांगणाऱ्या स्टेशनमास्तरांना ते ज्या आवाजात 'बरं' म्हणत असतील, त्याच आवाजात.

मास्तरांनी विचारलंही. वकील म्हणाले, "अहो, यादी टाइप होऊन नागपूरला गेली. आता नाव घुसडायचं म्हणजे नवा ठराव, नवी यादी. पुढच्या वर्षी बघू." मास्तर "बरं" म्हणून घरी आले. चारुशीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही काय म्हणाले?"

"मी काय म्हणणार?"

त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं, आणि मास्तरांनी ते मागितलंही नाही.

नकाशा अचलपूरला पोचला आणि तिकडे काम जोरात सुरू झालं. इकडे सभागृहाची परवानगी काढायची होती. कचेरीतला कारकून सभ्य होता, पण छापील अर्जाच्या बाहेर पाय टाकणारा नव्हता. अर्जात तीन रकाने होते : लग्न, सभा, नाटक.

"तुमचं काय?"

"स्तूप."

"तो रकाना नाही. लग्न नाही ना? सभेत वस्तू उभारत नाहीत. म्हणजे नाटक. संहिता दोन प्रतींत आणा, वाचून मंजूर करावी लागते."

"अहो, स्तूप बोलत नाही!"

"तसं संहितेत लिहा."

मास्तरांचा स्वाभिमान दुखावला, पण तारीख जवळ आली होती. त्यांनी कचेरीच्या पायरीवर बसून नाटक लिहिलं : 'पडदा उघडतो. स्तूप उभा आहे. कोणी काही बोलत नाही. पडदा पडतो. समाप्त.' कारकुनाने ते दोनदा लक्षपूर्वक वाचलं, आक्षेपार्ह काही नसल्याचा शेरा मारला आणि शिक्का उठवताना म्हणाला, "शेवट जरा अचानक होतो."

हे निस्तरतं तोच उद्धवशास्त्री पंचांग घेऊन धावत आले. त्याच पौर्णिमेला, म्हणजे चोवीस मेला, चंद्रग्रहण! संध्याकाळी साडेसातच्या आत स्पर्श, आणि वेध तर सकाळपासूनच. कमिटीत हाहाकार उडाला. वेधात पाहुण्यांना पन्हं द्यायचं कसं? पन्ह्यात दर्भ टाकावा की तुळशीपत्र, यावर व्याख्यानांहून जास्त वेळ चर्चा झाली. शेवटी कार्यक्रम पाचला सुरू करून सातला संपवायचा आणि सगळ्यांनी ग्रहणाच्या आत घरी पळायचं असं ठरलं. सात वक्त्यांना मिळून दोन तास. मास्तर तिसरे होते, त्यांच्याजवळ बारा पानी भाषण होतं.

चोवीस तारखेला सकाळी मास्तर स्तूप आणायला अचलपुरात हजर झाले, आणि अंगणात शिरताच जागीच उभे राहिले. पांढऱ्या कागदाचा आठ फूट रुंद घुमट. भोवती कठडा, चार तोरणं, प्रत्येक तोरणावर खुर्शीदबींनी कात्रीने कातरलेली जाळी, वेली, आणि एकावर हत्ती. वर तीन छत्र्या. सकाळचं ऊन कागदातून आत जात होतं आणि स्तूप आतून उजळल्यासारखा वाटत होता. मास्तर त्याच्याभोवती एकदा फिरले. मग दुसऱ्यांदा.

"पीछे ठीक हय?" सत्तारमियाँनी विचारलं.

"मागं नसतंच," मास्तर म्हणाले.

स्तूप मोटारीच्या टपावर चढवला. वारा लागेल म्हणून धरायला सत्तारमियाँ स्वतः वर बसले. कंडक्टर म्हणाला, टपावर माणूस चालत नाही. मास्तर म्हणाले, तो माणूस नाही, स्तूपाचा भाग आहे. कंडक्टरने वर पाहिलं. पांढरी दाढी, पांढरा सदरा, पांढरा कागद. त्याने घंटी मारली.

आसेगावपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे मोटार पाण्यासाठी थांबली आणि त्याच मुहूर्तावर वावटळ उठली. वरची छत्री सुटली, शेतात गेली, आणि निम्मी मोटार तिच्यामागे धावली. एका म्हातारीने ती पळसाच्या झुडपातून काढली आणि ही कोणाची लहानशी छत्री म्हणून डोक्यावर धरूनही पाहिली. छत्री मिळाली, पण तेवढ्या वेळात, उतरवून सावलीला ठेवलेल्या एका तोरणाची अर्धी आडवी पट्टी एका बकरीने खाल्ली. खळ कणकेची होती, बकरीचा काही दोष नव्हता. सत्तारमियाँ तिला जे बोलले ते उर्दूत होतं म्हणून ऐकायला बरं वाटलं.

चार वाजता स्तूप सभागृहासमोर उतरला. दार पाच फूट रुंद होतं आणि घुमट आठ.

मास्तरांनी आतल्या छताची उंची मोजली होती. रंगमंचाची खोलीही मोजली होती. दाराचं माप घ्यावं हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. आयुष्यात ते ज्या ज्या दारातून गेले त्यांतून विनासायास गेले होते, त्यामुळे दार ही मोजायची गोष्ट आहे हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

गर्दी जमली, सल्ले सुरू झाले. आडवा करा. तिरपा करा. दार काढा. वकील बाहेर आले आणि घड्याळाकडे पाहून म्हणाले, "मधून कापा. अर्धा आत नेऊ आणि भिंतीला टेकवू. समोरून कोणाला कळणार?"

सत्तारमियाँ घुमटाला पाठ लावून उभे राहिले. "आधा नहीं होता, वकीलसाब. या तो पूरा, नहीं तो घर वापस."

"मग राहू द्या बाहेर! आत फोटोला हार घालू, झालं. मास्तर, चला, तुमचं भाषण तिसरं आहे."

त्याच वेळी डोमाजी आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मागे वस्तीतली पाच-सहा माणसं. आपल्या नकाशाचं काय झालं ते बघायला आले होते. कोणाशी न बोलता त्यांनी स्तूप उजव्या हाताला ठेवून एक फेरी मारली. "हत्तीचं तोरन पूर्वेले पायजे होतं, ते उत्तरेले आलं. बाकी..." ते थांबले. त्यांनी सत्तारमियाँचे दोन्ही हात धरले. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "इथं उन्हातान्हात कायले ठिवता? आमचं मैदान मोकळं हाये. तिथं दार नाही. बंडी आनतो."

"ती कमिटीची वस्तू आहे," वकील म्हणाले.

सगळे मास्तरांकडे बघू लागले. आत पंखा होता, खुर्ची होती, छापलेल्या पत्रिकेत तिसरं नाव होतं. जाऊ द्या म्हणावं आणि आत शिरावं, इतकं सोपं होतं. पण तोंड उघडलं गेलं, आणि या वेळी ते पूर्ण जागे होते.

"वकीलसाहेब, परवानगी नाटकाची आहे," ते म्हणाले. "नाटकाचा दौरा असतो. पुढचा प्रयोग नाल्यापलीकडे आहे."

वकिलांनी परवानगीचा कागद मागून घेतला, शिक्का पाहिला आणि परत दिला.

चारुशीलाबाई बायकांच्या रांगेतून उठून बाहेर आल्या. "मी पण येते."

"अगं, ग्रहण आहे."

"ते काय फक्त नाल्यापलीकडेच लागणार आहे?"

स्तूप बैलबंडीवर चढला. कठड्याला मास्तर, घुमटाला सत्तारमियाँ, बैलांपुढे डोमाजी. ग्रहणाच्या धास्तीने गाव दारं लावत होतं, त्यामुळे रस्ते कधी नव्हे इतके मोकळे होते. उद्धवशास्त्र्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "मास्तर, घरात व्हा, स्पर्श जवळ आला!" मास्तरांचे दोन्ही हात स्तूप धरण्यात गुंतले होते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. तिकडे सभागृहात सहा भाषणं झाली. सहाव्याला श्रोते चार उरले होते असं नंतर कळलं. नागपूरला गेलेल्या अहवालात मात्र 'स्तूपाची भव्य प्रतिकृती उभारण्यात आली' असं वाक्य आहे, आणि ते खोटं म्हणता येत नाही.

मैदानात माणूसच माणूस होता. बडनेऱ्याहून, वलगावहून, भातकुलीहून लोक आले होते, पायी, बंड्या जोडून. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा तो नागपूरचा दिवस अजून पाच महिने लांब होता, पण त्याची कुजबुज आत्ताच सगळ्यांच्या बोलण्यात होती. स्तूप मधोमध ठेवला. डोमाजींनी हत्तीचं तोरण पूर्वेला लावून घेतलं. बकरीने खाल्लेल्या जागी आशाबाईंनी आंब्याचा डहाळा बांधला.

चंद्र वर आला आणि थोड्याच वेळात त्याची कड काळी पडू लागली. दारं लावून बसलेल्या गावाबाहेर हजारभर माणसं मान वर करून उघड्यावर उभी होती. मास्तरांनी ग्रहण आजवर परातीतल्या पाण्यातच पाहिलं होतं. सरळ वर पाहिल्यावर ते इतकं सावकाश आणि इतकं मोठं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग मेणबत्त्या पेटल्या आणि माणसं स्तूपाभोवती फिरू लागली. सत्तारमियाँना लोकांनी खुर्ची दिली होती, पण ते बसेनात. लोक प्रत्येक तोरणापाशी थांबून जाळी बघत, आणि ते जवळच्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत, "जाली मेरी बीबी ने काटी. अचलपूर को हय."

डोमाजींनी मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मास्तरांनी खिशातून बारा पानं काढली. चंद्र जवळजवळ सगळा गेला होता आणि अक्षर दिसत नव्हतं. तसं पहिलं वाक्य त्यांना पाठ होतं, पान एकेचाळीसवरचंच. ते त्यांनी मनात म्हणून पाहिलं, आणि समोरच्या माणसांसमोर मोठ्याने म्हणायची त्यांना लाज वाटली. "हे सगळं मी डोमाजींकडून शिकलो," एवढंच म्हणून ते बसले.

मग वंदना सुरू झाली. आशाबाई पुढे म्हणत आणि सगळे मागे म्हणत. पहिल्या रांगेत मास्तर, त्यांच्या शेजारी चारुशीलाबाई.

"बुद्धं सरणं गच्छामि."

मास्तरांच्या आतल्या संस्कृतला ते खुपलं. इतकी वर्षं वह्या तपासलेला माणूस तो. त्यांना राहवलं नाही. ते पुढे झुकून, अगदी प्रेमाने म्हणाले, "आशाबाई, 'शरणं'. 'श' म्हणा. तालव्य."

आशाबाई थांबल्या. त्यांच्या मागे सगळं मैदान थांबलं. त्यांनी एकदा डोमाजींकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. रागावल्या नव्हत्या.

"मास्तर, हे पाली हाये," त्या म्हणाल्या. "पालीत 'श' नसते. 'स'च असते."

चारुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मास्तर लाल झाले, पण ग्रहणामुळे ते कोणाला दिसलं नाही. मग त्यांनी मांडी नीट घातली आणि हात जोडले.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

आशाबाईंनी सांगितलं. मास्तरांनी त्यांच्या मागून म्हटलं, जपून, एकेक अक्षर पारखून. 'स' जरा जास्तच जोरात आला.

"आता बराबर," आशाबाई म्हणाल्या, आणि पुढची ओळ सुरू केली.